एकाच पंगतीत

फाल्गुनी पौर्णिमेच्या संध्याकाळी साताऱ्या-कोल्हापुराकडच्या, पुण्या-पिंपरीकडच्या कितीतरी गल्ल्यांमध्ये होळीपासून चार पावलांवर एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर धुतलेलं फडकं, फडक्यावर मोठी परात नाहीतर बांबूची पाटी, आणि मागे शाळकरी मुलं. फलकावर एकच ओळ असते, 'होळी लहान करा, पोळी दान करा'. बायका नैवेद्याचं ताट झाकून घेऊन येतात. मुलं त्यांना विनवतात, नैवेद्याचा घास होळीला द्या, पण आख्खी पोळी आगीत टाकू नका, आम्हाला द्या. काही जणी लगेच देतात. काही जणींचा जीव धजत नाही. घरच्या रिवाजाला हात कसा लावायचा? मुलं पुन्हा समजावतात. अंधार पडेपर्यंत पाटी भरते आणि पोळ्या ऊसतोड कामगारांच्या खोप्यांकडे, वीटभट्ट्यांवर, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांकडे निघतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती ही हाक वर्षानुवर्षं देत आली. पुढे शाळांनी, तरुण मंडळांनी, गृहसंकुलांनी ती आपली मानली. हिशोब कुणालाही कळेल असा आहे. गल्लीत शंभर घरं असतील आणि प्रत्येक घराने एकच पोळी राखली, तरी शंभर माणसांच्या ताटात सणाचं गोड पडतं. त्या पोळीत हरभऱ्याची डाळ आहे, गूळ आहे, तूप आहे, आणि घरातल्या बाईची अर्ध्या दिवसाची मेहनत आहे. ते सारं राख होण्याऐवजी कुणाच्या तरी पोटात जातं.

पण या लेखाचा विषय पोळी नाही, टेबलामागे उभं राहिलेलं मूल आहे. अन्न वाटण्याच्या सामुदायिक कामात मुलांना घ्यावं, यावर हल्ली सगळ्यांचं एकमत असतं. संस्कार होतात, जाणीव येते, असं आपण म्हणतो. मला वाटतं, इथे थोडं थांबून विचारायला हवं की नेमका कोणता संस्कार होतो. गाडीतून उतरून रांगेतल्या हातावर पोळी ठेवणारं आणि परत गाडीत बसणारं मूल त्या संध्याकाळी दोन गोष्टी शिकू शकतं. एक, अन्न सगळ्यांचं आहे. दुसरी, जगात देणारे आणि घेणारे असे दोन गट आहेत आणि मी वरच्या गटातला आहे. यातली कोणती गोष्ट मनात रुजेल, हे मुलावर अवलंबून नसतं. ते काम आपण कसं रचतो, त्यावर असतं.

द्यायला शिकवावं लागत नाही

मुळात मुलांना द्यायला शिकवावं लागतं, हा समजच तपासून पाहण्याजोगा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकोणीस महिन्यांच्या बाळांसमोर एका अनोळखी माणसाच्या हातून केळं, द्राक्षं, स्ट्रॉबेरी यांसारखं फळ 'चुकून' खाली पडे. माणूस ते घ्यायला धडपडे, पण त्याचा हात पोहोचत नसे. निम्म्याहून अधिक बाळांनी फळ उचलून त्याला दिलं. मग हाच प्रयोग त्यांनी बाळांच्या खाण्याच्या वेळेला, म्हणजे बाळं भुकेली असताना केला. तरीही एक तृतीयांशाहून अधिक बाळांनी तोंडाशी नेता आलं असतं ते फळ समोरच्याला देऊन टाकलं.

त्याआधी, 2012 मध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांचे चेहरे न्याहाळले होते. खाऊ मिळाल्यावर मूल खूश होतं, पण खाऊ देताना अधिक खूश होतं. त्यातही दुसऱ्याने हातात ठेवलेला खाऊ पुढे करताना जेवढा आनंद दिसे, त्याहून जास्त आनंद स्वतःच्या वाटणीतला देताना दिसे.

आपल्या बहुतेक उपक्रमांत नेमकं याच्या उलट घडतं. आई-वडील बिस्किटांचे पुडे विकत आणतात, मुलाच्या हातात देतात, मूल ते दुसऱ्या मुलाला देतं आणि कुणीतरी फोटो काढतं. त्या पुड्यात मुलाचं काहीच नसतं, ना भूक, ना श्रम, ना निर्णय. पोळीच्या टेबलामागचं मूल यापेक्षा पुष्कळ पुढे असतं. ते बोलतं, पटवतं, नकार पचवतं, मोजतं, बांधतं. त्याला त्या कामाचा घाम येतो.

काल्याची रीत

महाराष्ट्रातल्या मुलांना वाटून खाण्याची सर्वात जुनी गोष्ट ठाऊक असते ती गोपाळकाल्याची. गाई राखायला गेलेले सवंगडी आपापल्या शिदोऱ्या सोडतात. कुणाची भाकरी, कुणाचं दही, कुणाचे पोहे, कुणाचं नुसतं लोणचं. कृष्ण सगळं एकत्र कालवतो आणि मग प्रत्येकाला त्यातला घास मिळतो. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो आणि मगच वारकरी परतीच्या वाटेला लागतात. गावोगावच्या हरिनाम सप्ताहाची सांगताही काल्याच्या कीर्तनाने होते.

मुलांच्या कामाला सगळ्यात उपयोगी पडणारी शिकवण याच रीतीत आहे. काल्यात प्रत्येक जण आणणारा असतो आणि प्रत्येक जण खाणारा. एकदा कालवलं की कुणाच्या घरून काय आलं हे शोधून काढता येत नाही. ज्याच्या शिदोरीत फक्त कोरडी भाकरी होती, त्याला मान खाली घालावी लागत नाही, आणि ज्याने लोण्याचा गोळा आणला त्याला मिरवता येत नाही.

ही गोष्ट इतिहासात प्रत्यक्ष जगून दाखवणारा माणूस याच मातीत झाला. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत होते तेव्हा अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर 'शुद्ध' होण्यासाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना स्वतःच्या वसतिगृहातून बाहेर पडावं लागलं. पुढे 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1924 मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह काढलं, जिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकत्र जेवत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. मुलांच्या पोटासाठी दाणे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकायला काढलं, ही हकीकत रयतच्या शाळांत शिकलेला प्रत्येक जण सांगतो.

त्या काळात ग्रामीण वसतिगृहांना मुष्टिफंडाचा मोठा आधार होता. दळायला बसताना घरातली बाई मूठभर धान्य बाजूच्या गाडग्यात टाकी, आठवड्याने ते गोळा होई आणि त्यावर मुलांची चूल पेटे. त्यामुळे वसतिगृह एका धनिकाच्या मेहेरबानीवर उभं नव्हतं. ते शेकडो मुठींवर उभं होतं, आणि त्या मुठींत गरीब घरांच्याही मुठी होत्या. जो मुलगा त्या धान्याची भाकरी खाई, तोच लाकडं फोडी, पाणी भरी, पीठ मळी आणि दुसऱ्याला वाढी. तो एकाच वेळी घेणारा होता आणि देणाराही. उपकाराखाली दबलेलं मूल ताठ उभं राहत नाही, हे कर्मवीरांना कळलं होतं. म्हणून त्यांनी मुलांना फुकट जेवायला घातलं नाही, पंगतीचं यजमानपद दिलं.

नांदेड आणि टोकियो

नांदेडला गोदावरीकाठी गुरुद्वाऱ्यांतल्या लंगरात गेलं तर हीच रीत आजही चालू दिसते. आठ-नऊ वर्षांची मुलं डोक्याला रुमाल बांधून पंगतीतून फिरत असतात. कुणाकडे चपात्यांची टोपली, कुणाकडे पाण्याचा जग. जेवणारा दोन्ही हात पुढे करतो, मूल त्यात चपाती ठेवतं. थोड्या वेळाने तेच मूल जमिनीवर त्याच रांगेत बसून जेवतं आणि नंतर भांडी घासणाऱ्यांत जाऊन बसतं. व्यापारी, भिकारी, पर्यटक, रिक्षावाला, कुणासाठीही वेगळी रांग नाही. आधी पंगतीत बसायचं, मगच संगतीत, असा दंडक शीख गुरूंनीच घालून दिलेला आहे.

जपानने हे काम शाळेच्या वेळापत्रकात आणलं. तिथे शाळेतल्या जेवणाची सुरुवात 1889 मध्ये त्सुरुओका गावी एका बौद्ध मंदिरातल्या शाळेत, गरीब मुलांसाठी झाली. 1954 मध्ये शालेय भोजनाचा कायदा आला, 2005 मध्ये अन्नशिक्षणाचा. आज जपानी प्राथमिक शाळांत मुलं पाळीपाळीने पांढरा डगला, टोपी आणि मास्क घालून वर्गात जेवण आणतात, सगळ्यांना सारखं वाढतात, शिक्षकांसह एकत्र जेवतात आणि मग आवरतात. आज वाढणारा पुढच्या आठवड्यात बसणारा असतो.

त्याच देशात 2012 मध्ये टोकियोच्या ओता भागात भाजीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी मुलांसाठी खानावळ सुरू केली. शाळेतलं जेवण सोडलं तर एक मूल एखाद्या केळ्यावर दिवस काढतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. अशा 'कोदोमो शोकुदो', म्हणजे मुलांच्या खानावळी, 2024 पर्यंत जपानभर दहा हजारांवर गेल्या. त्यांतल्या अनेकींचं दार सगळ्यांसाठी उघडं असतं. गरीब मूल येतं, खात्यापित्या घरचं मूल येतं, एकटे आजोबा येतात. जो आत येतो तो फक्त जेवायला आलेला असतो, त्यामुळे कुणाच्या कपाळावर 'गरजू' असा शिक्का बसत नाही. हे दार फक्त गरीब मुलांसाठी असतं, तर सर्वांत भुकेलं मूलच त्यातून आत यायला लाजलं असतं.

आपल्या दाराशीच

आपल्याकडे तर याहून मोठी पंगत रोज बसते. 15 ऑगस्ट 1995 रोजी देशपातळीवर शालेय पोषण आहार सुरू झाला. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरडा शिधा नव्हे, शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश दिला, आणि 2021 पासून ही योजना 'पीएम पोषण' या नावाने चालते. प्राथमिकच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं, हे तिचं माप. या योजनेत समाजानेही भर घालावी म्हणून गुजरातेत 'तिथिभोजन' निघालं. वाढदिवशी, पुण्यतिथीला, सणाला गावातल्या कुणीही शाळेत जेवण किंवा एखादा पदार्थ द्यायचा. महाराष्ट्रात त्याला 'स्नेहभोजन' म्हणतात. जोडीला शाळाशाळांतल्या परसबागा आल्या. मुलं वाफे करतात, मेथी-पालक पेरतात, शेवगा लावतात, हात धुतलेलं पाणी वळवून नेतात, आणि तीच भाजी दुपारच्या आमटीत पडते.

मुलांना अन्नवाटपात घ्यायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. मेथी पेरणारं मूल, ती खुडणारं मूल आणि ती खाणारं मूल एकच असतं. आपल्या वाटणीतलं देण्याचा जो आनंद कॅनडातल्या त्या प्रयोगात दिसला, तो इथे रोज मिळू शकतो. गोगलगाय लागली म्हणून अर्धा वाफा गेला, तर अन्न किती कष्टाने येतं हे वेगळं सांगावं लागत नाही. पानात टाकलेल्या पालेभाजीकडे ते मूल निराळ्या नजरेने बघतं.

मात्र पंगत आपोआप समतेची होत नाही. डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकीण नेमली म्हणून सवर्ण घरच्या मुलांनी शाळेतलं जेवण नाकारलं. त्या बाईंना आधी कामावरून काढलं गेलं, मग ओरड झाल्यावर परत घेतलं गेलं. जेवण नाकारणारी ती मुलं जन्मतः तशी नव्हती. घरात जे ऐकलं, ते त्यांनी ताटापाशी करून दाखवलं. म्हणूनच ताटापाशीच ते मोडावं लागतं. आमटी कुणी केली, पाणी कुणी भरलं, कोण कुणाशेजारी बसलं, या गोष्टी मुलं बारकाईने बघतात आणि आयुष्यभर लक्षात ठेवतात.

आणखी एक भेद आपण सहज चालवून घेतो. वाढायला मुली, भांड्यांना मुली, आणि टेम्पोत चढून वाटपाला मुलगे. सामुदायिक कामात ही वाटणी तशीच राहिली, तर मुलींच्या वाट्याला घरचंच काम गावभर येतं. पाळी लावायचीच असेल तर घासण्याच्या भांड्यांपासून लावावी.

मुलांच्या हाती काय द्यावं

हे काम मनापासून करायचं, तर कारभार नेटका हवा. अन्न वाटणं हे आधी आरोग्याचं काम आहे. शिजवलेल्या अन्नात 5 ते 60 अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात. म्हणून मुलांनी गोळा करायचं ते कोरडं आणि टिकाऊ. पुरणपोळी चालेल, कटाची आमटी नको. लाडू, चकली, शेंगदाणे, गूळ, केळी, भाकरी चालतील, दही-दुधाचं काही नको. प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव, केल्याचा दिवस आणि वेळ लिहायची. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबाबत देशात 2019 पासून नियम आहेत, आणि अशी नोंद हा त्यांचा गाभाच आहे. पाचवीतलं मूलही हे चोख करतं. किंबहुना मोठ्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे करतं, कारण त्याला 'चालतंय की' म्हणायची सवय लागलेली नसते.

लहानांनी मोजावं, निवडावं, चिठ्ठ्या लिहाव्यात, पाणी द्यावं. जरा मोठ्यांनी घरोघरी जावं, पण जोडीने आणि ओळखीच्या गल्लीत. आठवी-नववीच्या मुलांनी हिशोब ठेवावा, किती आलं, किती गेलं, किती वाया गेलं. मोठ्या चुलीपाशी, उकळत्या पातेल्यापाशी मोठेच हवेत. वाटपासाठी वर्ग बुडवायचा नाही.

फोटोची गोष्ट तर स्पष्टच सांगायला हवी. पोळी घेणाऱ्या मुलाचा चेहरा कुणाच्याही मोबाइलमध्ये जाता कामा नये. घेणारं मूल उद्या त्याच शाळेत, त्याच बाकावर येऊन बसू शकतं. फोटो काढायचाच असेल तर भरलेल्या पाटीचा काढावा.

आणि मुलं प्रश्न विचारणार, याची तयारी ठेवावी. खोप्यांपाशी पोळ्या देऊन परतताना एखादं मूल विचारतंच, ही मुलं शाळेत का नाहीत? त्याला 'गरीब आहेत बिचारे' एवढं सांगून गप्प करू नये. त्याला खरं सांगावं. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून कुटुंबंच्या कुटुंबं ऊस तोडायला निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुलं त्यांच्याबरोबर फडात येतात. आपल्या चहातल्या साखरेत त्यांचं सहा महिन्यांचं घर असतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने उंचीने खुंटलेली आणि 36.1 टक्के कमी वजनाची आढळली. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांघरांतून गेलं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की समजतात. ते अस्वस्थ होतं. ती अस्वस्थता झाकू नये, कारण पोळीने एका रात्रीची भूक भागते आणि पुढच्या रात्रीचं काय, हे विचारणारी माणसं अशाच अस्वस्थतेतून तयार होतात.

या दिवाळीत

हा दिवाळी अंक घरात येईल तेव्हा फराळाचे डबे भरलेले असतील. अनेक गृहसंकुलांत फराळ गोळा करून वस्तीत नेण्याची पद्धत आता रुळली आहे, आणि ती चांगलीच आहे. माझं मागणं त्यापुढचं आहे. या वर्षी ते काम मुलांच्या हाती द्या आणि मुलांना सांगा, की फराळ वाटायला जायचं नाही, फराळाला बोलवायचं. इमारतीच्या पहारेकऱ्याची, झाडूवाल्या ताईंची, समोरच्या बांधकामावरच्या मजुरांची मुलं आणि इमारतीतली मुलं यांनी मिळून यादी करावी, मिळून सतरंज्या घालाव्यात. वाढणाऱ्यांत दोन्हीकडची मुलं असावीत आणि बसणाऱ्यांतही. मजुराच्या घरून आलेली तिळाची चटणी किंवा बिहारकडचा ठेकुआ ताटात चकलीशेजारी पडावा. तो ज्याच्या घरचा आहे, त्या मुलाने तो सगळ्यांना वाढावा.

शाळांनाही एवढंच सुचवावंसं वाटतं. स्नेहभोजन द्यायला कुणी पुढे आलं, तर आनंदाने घ्या, पण एक अट घाला. देणाऱ्याने मंचावर बसायचं नाही, हार घ्यायचा नाही. त्याने आपल्या मुलांना घेऊन यावं, पोरांच्या रांगेत मांडी घालून बसावं, आणि शाळेतलं मूल वाढेल तेवढंच ताटात घ्यावं. वाढणाऱ्या त्या मुलाच्या घरी कदाचित संध्याकाळी चूल पेटणार नसेल. तरीही त्या दुपारी यजमान तेच असेल. एकदा यजमान झालेलं मूल पुढे कुणाला कमी लेखत नाही आणि स्वतःला कमी लेखू देत नाही. अन्न वाटण्याच्या कामात मुलांना घ्यायचं ते यासाठी.